स्वर्गातील नागरिकत्व : एका ख्रिस्ती वचनाची चिकित्सा

आपल्या नियतकालिकांतून ख्रिस्ती धर्माचा विचार होतो तो बहुधा दोनच प्रसंगी. एक, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो धर्म का स्वीकारला नाही हे सांगताना. आणि दुसरा, मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे ऋण मान्य करताना. त्या धर्माच्या सिद्धान्तांची त्याच्याच मूळ ग्रंथांच्या आधारे केलेली चिकित्सा आपल्याकडे क्वचित आढळते. 'परलोकवाद' असा एक शिक्का उमटविला की काम भागले, अशी समजूत दिसते. एकोणिसाव्या शतकात अनेक पाश्चात्त्य पंडितांनी आणि मिशनऱ्यांनी आपल्या धम्मावर 'शून्यवाद' आणि 'निराशावाद' हे शिक्के असेच मारले होते. निब्बान या शब्दाचा अर्थ पालि ग्रंथांतून नीट न तपासता ते लिहीत राहिले आणि त्याचा समाचार घेण्यात पुढील दोन पिढ्यांचे अभ्यासक खर्ची पडले. जी पद्धत आपल्याबाबत अन्याय्य ठरली ती आपण दुसऱ्याबाबत वापरू नये, एवढे पथ्य पाळून आम्ही येथे एकाच वचनाचा विचार करणार आहोत.

हे वचन पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, विसाव्या ओवीत येते. त्याचा आशय असा की, आपण ज्या राज्याचे नागरिक आहोत ते स्वर्गात आहे आणि तेथून येणाऱ्या तारणाऱ्याची आपण वाट पाहत आहोत. पृथ्वीवर राहावे, पण आपले नाव स्वर्गाच्या पटावर आहे असे मानावे, या ख्रिस्ती धारणेचे हे सर्वांत नेटके रूप होय. ही धारणा अन्यत्रही येते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धावंतांना पृथ्वीवरील परके व प्रवासी म्हटले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तसेच आहे. परंतु 'नागरिक' ही राजकीय भाषा पौलाची आहे, आणि आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते या राजकीय शब्दाशीच निगडित आहे.

मूळ ग्रीक शब्द 'पोलितेउमा' असा आहे. 'पोलिस' म्हणजे नगर किंवा नगरराज्य. त्यापासून तो बनला. राज्य, राज्यव्यवस्था, नागरिकांचा समुदाय असे त्याचे अर्थ होतात. शिवाय त्याचा एक विशेष अर्थ असा की, परक्या नगरात राहणाऱ्या एखाद्या समाजास स्वतःचे काही व्यवहार स्वतःच्या कायद्याने चालविण्याची मुभा मिळे, त्या संघटित समाजासही 'पोलितेउमा' म्हणत. इजिप्तमधील हेराक्लेओपोलिस येथे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात यहुदी लोकांचे असे पोलितेउमा होते; त्याचे पपायरसवरील दस्तऐवज २००१ साली प्रसिद्ध झाले. पौलाने शब्द सहज टाकलेला नाही, हे त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायावरून दिसते. तेथे त्याने 'वागा' असे सांगताना त्याच धातूपासून झालेले क्रियापद योजिले आहे. म्हणजे नुसते वागा नव्हे, तर नागरिक म्हणून वागा.

हे शब्द फिलिप्पै येथे कसे ऐकले गेले असतील, याचा विचार करणे अगत्याचे आहे. मासेदोनियाच्या राजा दुसऱ्या फिलिपने इ. स. पूर्व ३५६ मध्ये त्या नगरास आपले नाव दिले. इ. स. पूर्व ४२ मध्ये तेथेच ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव झाला आणि विजेत्यांनी आपले निवृत्त सैनिक तेथे वसविले. पुढे ऑगस्टसने ती रोमन वसाहत पुन्हा स्थापिली. तिला इटलीच्या भूमीचे कायदेशीर हक्क होते. नगर ग्रीक मुलखात, परंतु सरकारी भाषा लॅटिन, दंडाधिकारी रोमन पद्धतीचे, आणि नागरिकांची नावे रोमच्या 'वोल्तिनिया' नामक गणात नोंदलेली. फिलिप्पैचा नागरिक रोमला कधी गेला नसला तरी रोमन होता. आणि त्याच्या शेजारी राहणारे थ्रेशियन, ग्रीक, व्यापारासाठी आलेले आशियाई आणि अर्थातच गुलाम यांच्यापैकी बहुतेकांना ते भाग्य नव्हते. नागरिकत्व हा तेथील माणसामाणसांत भेद करणारा रोजचा प्रश्न होता. कोणाला फटके मारता येतात आणि कोणाला येत नाहीत, इतका तो साधा व शारीरिक होता.

अशा नगरातील एका लहानशा मंडळीला पौल सांगतो की, तुमचेही एक राज्य आहे आणि त्या राज्याच्या दप्तरात तुमची नोंद आहे. 'सोतेर', म्हणजे तारणारा, हा शब्द त्या काळी सम्राटासाठी वापरला जाई. पौल तो ख्रिस्तासाठी वापरतो. इंग्लंडमधील नव्या कराराचे अभ्यासक एन. टी. राईट यांनी याचा जो अर्थ लावला आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. वसाहतीचा नागरिक म्हातारपणी रोमला परत जावा, हा वसाहतीचा हेतू नसतो. रोमचे जीवन त्या परक्या भूमीत रुजावे, हा असतो. म्हणून स्वर्गाचे नागरिक म्हणजे स्वर्गात जाण्याची वाट पाहणारे लोक नव्हेत, तर स्वर्गाचा व्यवहार येथे आणणारे लोक. ओवीतील गतीची दिशाही पाहिली पाहिजे: येथून कोणी तिकडे जात नाही, तारणारा तेथून इकडे येतो. तेव्हा 'ख्रिस्ती माणूस डोळे आभाळाकडे लावून बसतो' ही आपली टीका किमान या वचनाला जशीच्या तशी लागू पडत नाही. ज्यांना कोणत्याही पटावर नाव नव्हते त्यांना या वाक्याने ताठ उभे केले असणार. आम्ही ही गोष्ट हातची राखून म्हणत नाही. माणसाला आपण कोणाचे तरी आहोत असे कळणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात याच फिलिप्पै नगरातील एक हकीकत आहे. एक दासी होती. तिच्या अंगात वारे येई आणि ती भविष्य सांगे. त्यावर तिचे धनी भरपूर पैसा मिळवीत. ती पौल व त्याचा सोबती सीला यांच्या मागे ओरडत फिरू लागली. पौल त्रासला आणि त्याने तिच्यातील भूत काढले. धन्यांची मिळकत बुडाली. त्यांनी दोघांना चौकात ओढून नेले. अधिकाऱ्यांनी त्यांस छड्या मारविल्या व बंदीत टाकले. दुसऱ्या दिवशी सुटकेचा हुकूम आला तेव्हा पौलाने मुकाट्याने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमन नागरिक असता चौकशीवाचून आम्हांस उघडपणे मारले. आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे, अशी त्याची मागणी होती. अधिकारी घाबरले आणि आले. पुढे बाविसाव्या अध्यायात यरुशलेम येथे फटक्यांची तयारी झाली असता पौल पुन्हा हेच नागरिकत्व पुढे करतो. तेथील सरदार म्हणतो की आपण हा हक्क पुष्कळ पैसा देऊन विकत घेतला. पौल उत्तर देतो की आपण जन्मानेच नागरिक आहोत. अखेरीस कैसराकडे दाद मागण्याचा अधिकारही तो याच बळावर वापरतो.

पौल आपल्या पत्रांत रोमन नागरिकत्वाचा उल्लेख कोठेही करीत नाही आणि म्हणून काही अभ्यासक या हकीकतींविषयी साशंक आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु ख्रिस्ती परंपरेने दोन्ही ग्रंथ एकाच संहितेत ठेवले आहेत. त्या संहितेचा वाचक म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हांस आहे. ज्याने स्वर्गातील नागरिकत्वाची घोषणा केली त्याच्या खिशात पृथ्वीवरील नागरिकत्वही होते, आणि छडी उगारली गेली तेव्हा त्याने दुसरे बाहेर काढले. यात आम्ही त्याला दोष देत नाही. त्याने केले ते योग्यच होते. अन्यायी अधिकाऱ्याला दारात यावयास लावणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या दासीचे काय झाले? भूत निघाल्यावर ती धन्यांना निरुपयोगी ठरली. तिला विकले, मारले की सोडून दिले, ग्रंथ एक शब्द सांगत नाही. लुदिया नावाची जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण आपले घर प्रेषितांस देते, तिची कथा आहे. बंदीशाळेचा नायक सहपरिवार बाप्तिस्मा घेतो, त्याची कथा आहे. दासीवर मात्र कथेचा पडदा पडतो. तिला दाखविण्यास कोणतेही नागरिकत्व नव्हते आणि स्वर्गातील नागरिकत्व दाखविले असते तरी फिलिप्पैच्या कोणत्याही दंडाधिकाऱ्याने ते मानले नसते.

या प्रश्नावर अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या छोट्या ग्रंथात बोट ठेवले आहे. येशू रोमन नागरिक नव्हता, पौल होता. या एका फरकाने दोघांच्या अनुभवात किती अंतर पडते, हे थर्मन सांगतात. त्यांची आजी जन्माने गुलाम होती. नातू तिला बायबल वाचून दाखवी, परंतु पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. कारण गुलामीच्या काळी मालकाचा गोरा पाळक नेहमी पौलाच्याच आधारे दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे असे प्रवचन करी. याच ग्रंथाच्या आरंभी सिंहलद्वीपातील एक प्रसंग आहे. १९३५ साली थर्मन भारत व सिंहलच्या दौऱ्यावर आले असता कोलंबो येथील लॉ कॉलेजात त्यांना विचारण्यात आले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले त्या धर्माचे तुम्ही अनुयायी कसे? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सगळा ग्रंथ लिहिला गेला आहे. आपल्या अभ्यासवर्गांतून तो वाचला जावा.

आजीचे म्हणणे निराधार नव्हते. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पाहावा. त्यात श्रद्धावंत हे परके व प्रवासी आहेत, असे अकराव्या ओवीत सांगितले आहे. त्यानंतर दोनच ओव्यांनी राजसत्तेच्या अधीन राहा असा उपदेश येतो, आणि अठराव्या ओवीत दासांना सांगितले आहे की धनी चांगले व सौम्यच काय, कठोर असले तरी त्यांच्या अधीन राहा. ही जवळीक आकस्मिक नाही. माणूस येथला नाहीच, तो चार दिवसांचा पाहुणा आहे, असे एकदा मानले की येथल्या घरात त्याला ओसरीवर झोपविले काय किंवा माजघरात, याला महत्त्व उरत नाही. पौलाचीही धरसोड दिसते. गलतीकरांस तो सांगतो की ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्रही नाही. करिंथकरांस सांगतो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्यातच राहावे. तेथे एक ओवी अशी आहे की, मुक्त होता येत असेल तर 'त्याचाच उपयोग करून घे'. कशाचा, हे मूळ ग्रीक वाक्यात अध्याहृत आहे! स्वातंत्र्याचा, असे बहुतेक आधुनिक भाषांतरकार घेतात. दास्याचा, असे जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी घेतले. अध्याहृत शब्दावर लक्षावधी लोकांचे आयुष्य लटकून राहावे, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारे उदाहरण आहे.

पुढील शतकांत ही धारणा फार सुंदर भाषेत मांडली गेली. दिओग्नेतस नामक गृहस्थास उद्देशून लिहिलेले एक निनावी ग्रीक पत्र आहे. ते सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानतात. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे एका मासळीच्या दुकानात सापडली आणि १८७० साली स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळून गेली. सुदैवाने तत्पूर्वी नकला झाल्या होत्या. ख्रिस्ती लोक आपापल्या देशात राहतात पण परदेशीयांप्रमाणे, प्रत्येक परका देश त्यांना मायदेश आणि प्रत्येक मायदेश परका, दिवस पृथ्वीवर कंठतात पण नागरिक स्वर्गाचे, असा त्याचा सूर आहे. ते नवजात अर्भके टाकून देत नाहीत, असेही लेखक अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान योग्य आहे. परंतु ते ठरलेले कायदे पाळतात आणि आपल्या आचरणाने कायद्यांच्याही पुढे जातात, असे तो म्हणतो, तेव्हा आम्ही थबकतो. कायद्याच्या पुढे जाणे आणि कायदा बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. दास तेव्हाही बाहेरच राहिले. आणखी दोनशे वर्षांनी, साम्राज्य ख्रिस्ती झालेले असताना, संत ऑगस्टिनने 'देवाचे नगर' हा आपला प्रचंड ग्रंथ ४२६ च्या सुमारास पुरा केला. त्याच्या एकोणिसाव्या खंडात दास्य हे पापाचे शासन म्हणून ठरविले आहे, आणि देवाचे नगर येथे प्रवासी असल्यामुळे ते पार्थिव शांततेचा उपयोग तेवढा करून घेते, असे म्हटले आहे. हाच ऑगस्टिन बिशप म्हणून काम करीत असता हिप्पो बंदरात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून आणलेल्या शंभराहून अधिक लोकांची त्याच्या मंडळीने सुटका केली, हे १९८१ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या एका पत्रावरून कळते. माणूस सिद्धान्तापेक्षा मोठा होता. पण सिद्धान्त ग्रंथात राहिला आणि हजार वर्षे वाचला गेला.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी जे लिहिले ते महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले, प्रतिकूल सामाजिक परिस्थितीमुळे नव्हे, या शिकवणीचा सामाजिक परिणाम घातक होतो, असे त्यांचे निदान आहे. ऑगस्टिनचा एकोणिसावा खंड वाचून मग तो लेख वाचला म्हणजे हे निदान किती मुळाशी जाऊन केले आहे ते कळते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील मोक्षदाता व मार्गदाता हा भेदही येथे लागू पडतो. फिलिप्पैच्या वचनात नागरिकाचे काम वाट पाहणे हे आहे. नागरिकत्व त्याने मिळविलेले नाही, ते त्याला दिलेले आहे, आणि देणारा यावयाचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. पालि वाङ्मयात स्वर्ग नाही असे आपल्यापैकी काही जण आवेशाने सांगतात. ते खरे नाही. अनुपुब्बिकथेत दान व शील यांच्यानंतर सग्गकथा येते, आणि अशोकाच्या शिलालेखांतही स्वर्गाचा उल्लेख आहे. पण त्या सग्गकथेचे पुढे काय होते? अट्ठकथाकार म्हणतात की, हत्तीला शृंगारावे आणि मग त्याची सोंड छाटावी त्याप्रमाणे स्वर्गाचे वर्णन करून लगेच तोही अनित्य आहे असे दाखविले जाते. उपमा काहीशी क्रूर आहे, पण अचूक आहे. देवांनाही मरण आहे. इतिवुत्तकाच्या तिकनिपातात देवाच्या मरणाची पाच चिन्हे सांगितली आहेत: माळा कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखेतून घाम सुटतो, कांती उतरते आणि स्वतःच्या दिव्य आसनावर मन रमेनासे होते. तेव्हा इतर देव त्याला निरोप देतात की मित्रा, येथून सुगतीला जा. एक भिक्खू विचारतो, देवांची सुगती म्हणजे कोणती? तथागत सांगतात, मनुष्यत्व. मनुष्य होऊन धम्मविनयावर श्रद्धा बसणे हा देवांचा मोठा लाभ. या सुत्तात आकाशाची उतरंड उलटी केली आहे: स्वर्गातील रहिवासी ज्या ठिकाणचे होऊ इच्छितो ते ठिकाण पृथ्वी आहे.

तेविज्ज सुत्तही येथे आठवते. ब्रह्म्याशी सहवास मिळवून देतो असे म्हणणाऱ्या ब्राह्मणांपैकी एकानेही ब्रह्मा पाहिलेला नाही. न पाहिलेल्या जनपदकल्याणीवर प्रेम करणाऱ्या पुरुषासारखी, न पाहिलेल्या प्रासादासाठी चौरस्त्यावर जिना बांधणाऱ्या कारागिरासारखी त्यांची गत आहे. मग तथागत मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हा मार्ग सांगतात आणि परंपरा त्यालाच ब्रह्मविहार म्हणते. मेत्तसुत्तात त्या विहाराला जोडून 'इध', म्हणजे येथे, हा शब्द आला आहे. राईट यांनी लावलेल्या अर्थाच्या हे पुष्कळच जवळ जाते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

'कोणाचे असणे' या कल्पनेला पालिमध्ये नेमका प्रतिशब्द शोधावयाचा तर तो 'गोत्रभू' हा होय. पुथुज्जनाचे गोत्र ओलांडून अरियांच्या गोत्रात प्रवेश करण्याचा जो क्षण, त्या क्षणीच्या ज्ञानाला विसुद्धिमग्गात गोत्रभूञाण म्हटले आहे. ज्या देशात गोत्र हे बेडीचे नाव होते तेथे बौद्धांनी हा शब्द उचलला आणि त्यातील रक्त काढून टाकले. हे नवे गोत्र कोणी बहाल करीत नाही. आणि त्याचा परिणाम पृथ्वीवर, उघड्या डोळ्यांनी दिसेल असा होत असे. चुल्लवग्गात उपालीची कथा आहे. शाक्यकुमार आपल्या न्हाव्यासह प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. कोणी कोणापुढे वाकावे, हा नियमच येथे बदलला आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख आपल्या सोयीचा झाला असता. परंतु विनयातच महावग्गाच्या पहिल्या खंधकात दुसरा नियम आहे: दासाला प्रव्रज्या देऊ नये. एक पळून आलेला दास भिक्खू झाला, धन्यांनी त्याला ओळखले, लोकांत बोलवा झाला आणि नियम घातला गेला. सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू कबूल करतो की आपला दास भिक्खू झाला तर आपण त्याला परत बोलावणार नाही, उलट वंदन करू. आणि विनय सांगतो की धन्याने मुक्त केल्यावाचून त्याने दारातच येऊ नये. संघाला राजसत्तेशी व धनिकांशी जमवून घ्यावे लागले, असे याचे समर्थन करता येते. पण हेच समर्थन पेत्राच्या पत्राचेही करता येईल. अस्सलायनसुत्तात तथागत सांगतात की योन व कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होतो. योन म्हणजे ग्रीक. फिलिप्पै ज्या मासेदोनियात आहे तेथील राजा अंतिगोनस याचे नाव अशोकाच्या तेराव्या शिलालेखात आहे. वर्ण जन्मसिद्ध नाही हे सिद्ध करण्यास तो दाखला पुरेसा होता. दास्यच नसावे, हे त्या दाखल्यात नाही. दोन्ही परंपरांनी दासाला आतील प्रतिष्ठा दिली; बाहेरील साखळी तोडण्याचे काम दोहोंनी पुढच्यांवर सोडले. फरक आम्हांस दिसतो तो असा की, धम्माने त्या प्रतिष्ठेचा पत्ता दुसऱ्या लोकीचा दिला नाही. म्हणून जेव्हा बाबासाहेबांनी धम्माचा अर्थ जगाची पुनर्रचना असा लावला तेव्हा त्यांना वरून खाली काही आणावे लागले नाही.

तरीही ख्रिस्ती वचनाचा दुसरा उपयोग झालेला आहे आणि तो आपल्या इतिहासाच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात ठरविले की आफ्रिकी वंशाचे लोक, मग ते गुलाम असोत वा मुक्त, त्या देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत. त्याच्या दोनच वर्षे आधी फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले होते की गुलाम ज्या कनान देशाची गाणी म्हणत, तो त्यांच्या मनात उत्तरेचा मुक्त प्रदेश होता. मालक ऐकत होता स्वर्ग आणि गाणारा म्हणत होता सरहद्द. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कागदावर नागरिकत्व आले. व्यवहारात ते यावयाचे होतेच. आणि मग ४ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्यास तीन आठवडे झाले असता, माँटगोमेरी येथे बसवरील बहिष्कार ऐन भरात असताना, मार्टिन ल्यूथर किंग यांनी एक प्रवचन केले. पौलाने अमेरिकन ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले आहे, अशी त्याची कल्पना होती. त्यात त्यांनी फिलिप्पैचेच वचन घेतले. जेम्स मॉफट यांच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरात 'पोलितेउमा'साठी 'स्वर्गाची वसाहत' असे शब्द आहेत. किंग यांनी तेच वापरले आणि निष्कर्ष काढला तो पेत्राच्या पत्राच्या थेट उलट: तुमचे अंतिम इमान राज्यसंस्थेशी नाही, म्हणून तिचा अन्यायी रिवाज तुम्हांवर बंधनकारक नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी त्यांच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल कायम केला.

तेव्हा एकच वचन एकाच्या हातात लोड होते आणि दुसऱ्याच्या हातात तरफ. ते ठरते कशावरून? आमचे मत असे की, ते वचनात ठरत नाही. ज्याने पृथ्वीवरील नागरिकत्व हक्काने मागितले त्याच्याच हाती ती तरफ झाली. पौलाने ते अधिकाऱ्यांकडून मागितले, किंग यांनी न्यायालयाकडून आणि रस्त्यावर. सिद्धान्ताने त्यांना बळ दिले हे खरे. पण मागणी करावयास लावणारी गोष्ट सिद्धान्ताच्या बाहेरची होती. जो सिद्धान्त अधीनतेलाही तितक्याच सहजतेने साथ देतो त्यावर शोषितांनी सर्वस्वी विसंबावे काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना टाळता येणार नाही, आणि त्यांच्यातील काहींनी तो टाळलेलाही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. दोन वर्षांत ते वारले. १९८० च्या दशकात बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातून अरविंद निर्मळ यांनी दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू केली ती याच अस्वस्थतेतून.

हा केवळ ग्रंथांतला वाद नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. आपणांस चौतीस वर्षे लागली. ख्रिस्ती दलित अद्याप बाहेर आहेत. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासमधील एका आदि-द्राविड चर्मकाराची याचिका आली होती. तो रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवी. शासनाने त्याच धंद्यातील अनुसूचित जातीच्या कारागिरांना फुकट टपऱ्या दिल्या. तो ख्रिस्ती असल्याने त्याला मिळाली नाही. धर्मांतरानंतरही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखविणारा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही, असे म्हणून न्यायालयाने याचिका फेटाळली. त्याच्या मंडळीच्या शिकवणीप्रमाणे त्याचे नाव स्वर्गाच्या पटावर होते. टपरी मात्र ज्या पटावरून वाटली जाणार होती तो तालुक्याच्या कचेरीतला होता.